कोरडा कोपरा

"आधी ती इस्त्री बंद कर," आई म्हणाल्या. "कार्ड आहे ते. साडी नव्हे."

मी इस्त्री उचलून बाजूला उभी केली. खाली जुन्या पंच्याचे दोन पदर होते आणि त्या पदरांच्या मधे, अंथरुणातल्या आजाऱ्यासारखं, एक राखाडी-निळं कार्ड झोपलं होतं.

"उष्णतेनं जंतू मरतात," मी म्हटलं.

"कागदही मरतो."

"रेशमी कपड्यांच्या खुणेवर ठेवलीय मी."

"मग जंतूंनाही सोसेल की. रेशमाएवढी नाजूक जात ती."

मी ऐकलं आणि आणखी एकदा हलकेच इस्त्री फिरवली. रेवा तेव्हा चार वर्षांची होती आणि तिला कांजिण्या झाल्या होत्या. म्हणजे होऊन गेल्या होत्या. खपल्या पडल्या होत्या, डॉक्टरांनी 'आता कुणाला धोका नाही' असं दोनदा सांगितलं होतं, पण डॉक्टर आपलं दवाखान्यातून सांगतात. हाताने केलेलं कार्ड आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरात जायचं, तेही दुःखाच्या घरात, तर ते निर्जंतुक असावं एवढंच माझं म्हणणं होतं.

दुःखाचं घर आमच्या समोरचंच. मिरजेतल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं, एकमेकांकडे तोंड करून. एक आमचं, एक नलवडे काकांचं. काका एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर माइकवरून गाड्या पुकारल्या, निवृत्त झाल्यावर माइक स्टँडवर ठेवला, पण आवाज घरी घेऊन आले. रोज संध्याकाळी दोघं फिरायला निघत. काका आधी बाहेर येऊन चपला घालत, आणि जिन्यात उभं राहून आत हाक देत, "मिरज-सांगली विनाथांबा गाडी फलाटावर उभी आहे! टिकली लागली असल्यास प्रवाशांनी त्वरित बसून घ्यावे!"

आतून शकुंतलाकाकू ओरडत, "लागली हो, लागली!"

मग त्या बाहेर येत. कपाळावर रुपयाएवढी मोठी, तपकिरी-लाल टिकली. आमचं दार त्या वेळी उघडं असायचंच, कारण रेवाला ती पुकारणी ऐकल्याशिवाय दूध जायचं नाही. दुपारची ती काकूंकडेच असे. काकूंच्या कपाटाचा आरसा वापरलेल्या टिकल्यांनी भरलेला होता. ती त्या मोजत बसे, चुकली की पहिल्यापासून. तेवढ्या वेळात माझी कामं व्हायची. खरं सांगायचं तर त्या घराइतकं निर्धास्तपणे मी रेवाला कुठंच सोडत नव्हते, माझ्या माहेरीसुद्धा नाही. माझ्या माहेरी विहीर होती.

आणि एका पहाटे काका गेले. झोपेतच.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हाच्या तेव्हा समोर गेल्या आणि दिवसभर तिथं बसल्या. संध्याकाळी परत आल्या. एवढंच म्हणाल्या, "नणंद आलीय कऱ्हाडहून. आरसासुद्धा साफ केला तिनं." मी म्हटलं, उद्या मी जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाच्या पोटावर पाण्याचे फोड. झालं. कांजिण्यांच्या घरातून सुतकाच्या घरात जायचं नाही, असं एकीकडून आणि संसर्ग पसरवायचा नाही, असं दुसरीकडून. एरवी भांडणारी दोन्ही शास्त्रं नेमकी त्या दिवशी एक झाली. माझ्या दारापासून चार पावलांवर काकू बसलेल्या, आणि मी दाराच्या भिंगातून त्यांच्याकडे येणारी-जाणारी माणसं बघत होते.

म्हणून कार्ड.

कार्डं हा माझा उद्योगच होता. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या पत्रिका मी हाताने करत असे. पुण्याहून एकमेकांशी जुळणाऱ्या कागदांचे संच मागवायचे, रबरी ठसे, शाईच्या गाद्या, सोनेरी दोरा. आईंनी त्यात स्वतःचं एक काम आपणहून काढून घेतलं होतं. तयार पत्रिकांच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावायचं. गिऱ्हाईक घरी नेऊन लावतीलच, असं मी सुरुवातीला म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांचं ते लावतील. आपल्या घरातून कोरडी जायला नको." वाटीत हळदकुंकू कालवून, चष्मा लावून, जिभेचं टोक दातात धरून त्या अशी एकसारखी बोटं उठवत, की माझे पुण्याचे ठसे फिके पडावेत.

पण सांत्वनाचं कार्ड आमच्या घरात पहिलंच होतं. मी संच उघडून बसले तशा त्या शेजारी येऊन बसल्या.

"हे कसलं?"

"काकूंसाठी. सांत्वनाचं."

"सांत्वनाला माणूस जातं. कार्ड काय करणार तिथं जाऊन?"

"माणसाला जाता येत नाही म्हणूनच ना, आई."

"आमच्या वेळी पत्र यायचं. वाचलं की फाडून टाकायचं. घरात ठेवायचं नाही."

"हे ठेवायचं असतं."

"ठेवायचं?" त्यांनी जरा विचार केला. "मग नीट कर."

मी नीटच करत होते. खाली जाड हस्तिदंती कागद, त्यावर संध्याकाळ सरतानाच्या आभाळाचा राखाडी-निळा, त्यावर बारीक पानांच्या नक्षीची एक अरुंद पट्टी. तिन्ही एकाच संचातले, त्यामुळे एकमेकांशी भांडत नव्हते. मग नेच्याच्या पानाचा ठसा घेतला. एकदा शाई लावून उठवला, आणि पुन्हा शाई न लावता शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. एकेक पान आधीच्यापेक्षा फिकं होत गेलं.

"शाई संपली?" आईंनी विचारलं.

"मुद्दाम आहे ते. विरत गेल्यासारखं दिसतं."

"असू दे. महाग असेल."

रेवा अंगावर कडुलिंबाची पानं चिकटलेल्या अवस्थेत टेबलाशी येऊन उभी राहिली. "बस कुठंय?"

"कसली बस?"

"काकांची."

"राणी, ह्याच्यावर बस शोभणार नाही. बघ, कसे शांत शांत रंग आहेत."

"काकांना बस लागते," रेवा म्हणाली आणि खालचा ओठ पुढं काढला. माझ्याकडे फुलं होती, पानं होती, कलश होते, मुंजीचे लंगोटीवाले बटू होते, पण बसचा ठसा नव्हता. आई उठून आत गेल्या आणि अर्धा बटाटा घेऊन आल्या. सुरी बघितल्यावर मी रेवाला दोन हात मागं ओढलं. आईंनी बटाट्याला चार खिडक्या, दोन चाकं कोरली. मी मनातल्या मनात संचाची क्षमा मागितली आणि सांगितलं, "मागच्या बाजूला. अगदी खाली. एकच."

रेवानं सगळं वजन टाकून बस उठवली. जरा कललेली, वळण घेतल्यासारखी.

खरी पंचाईत मजकुराची. 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो' असं लिहून बघितलं, तर ते चौकातल्या फलकासारखं दिसायला लागलं.

"खाली शुभेच्छुक म्हणून आपली नावं घाल," आई म्हणाल्या. "वर सगळ्यांचे फोटो."

"आई!"

"मग तुला काय म्हणायचंय ते लिही की. फलकाला काय म्हणायचंय ते कशाला लिहितेस?"

मला काय म्हणायचं होतं? बराच वेळ पेन धरून बसल्यावर मी एकच ओळ लिहिली. काकू, संध्याकाळ झाली की आम्ही अजून दार उघडून उभे राहतो.

आईंनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कणीक मळायला गेल्या.

तर असं ते कार्ड. इस्त्री झाली. पाकिटाचा डिंक वाळायचा होता म्हणून कार्ड मी जेवणाच्या टेबलावर गार व्हायला ठेवलं. शेजारी पाटणकरांच्या मुंजीच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांचा माणूस संध्याकाळी न्यायला येणार होता, आणि आईंनी हळदकुंकू कालवायला घेतलं होतं. मी रेवाला कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायला गेले. पाणी कोमट आहे की नाही ते कोपरानं बघ, मनगटानं बघ, पुन्हा कोपरानं बघ, यात माझा बराच वेळ जातो.

रेवाला टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर आले तर टेबलावर कार्ड नव्हतं.

"आई, कार्ड?"

"दिलं. दाराखालून सरकवलं आत."

"पाकिटाशिवाय?"

"डिंक ओला होता ना."

ठीक आहे, मी म्हटलं. एवढं काही नाही. मग माझी नजर वाटीवर गेली. वाटीत कालवलेलं लाल कुंकू, शेजारी हळदीची वाटी, आणि आईंच्या बोटाला दोन्ही रंग.

"आई," मी अगदी सावकाश विचारलं, "तुम्ही त्या कार्डाला नाही ना लावलंत?"

"लावलं की. आपल्या घरातून कोरडं काही गेलंय का कधी?"

नवरा जाऊन पुरते दोन आठवडे झालेले नाहीत अशा बाईच्या हातात आम्ही हळदकुंकू लावलेला कागद सरकवला होता. ज्या घरात तिचं कुंकू पुसलं, त्याच घरात. अनोळखी कुणी केलं असतं तर लोक वेडगळ म्हणाले असते. आम्ही केलं तर तो डाग होता, काळजावरचा. आणि आत ती कऱ्हाडची नणंद. काकू एक वेळ गिळतील, पण त्यांच्या मनात जे राहील ते राहीलच. मग रेवाची दुपार गेली, उघडी दारं गेली, सगळंच गेलं.

"आई, अहो, सुतकातलं घर आहे ते!"

"हं," आई म्हणाल्या. "गेलं खरं."

म्हातारपण, मी मनात म्हटलं. हात सवयीनं चालतो, डोकं मागून येतं. त्यांना काही बोलण्यात अर्थ नव्हता. रेवाला त्यांच्या मांडीवर टाकून मी टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि जिन्यात गेले.

यापुढचा भाग रेवा आता स्वतः रंगवून सांगते. ती पुण्याला शिकते, सुट्टीला आली की मैत्रिणींसमोर मला तो अभिनयासह बघावा लागतो. तिनं म्हणे दाराच्या फटीतून सगळं पाहिलं. तिची आई नलवड्यांच्या दारासमोर लादीवर पालथी पडली, गाल फरशीला टेकवला, आणि दाराखालून पट्टी घालून मासे पकडायला लागली.

खोटं नाही त्यात काही. कार्ड मला दिसत होतं. दारापासून वीतभर आत. पट्टीचं टोक त्याला लागत होतं, पण ओढायला गेलं की कार्ड आणखी आत सरकायचं. गुळगुळीत हस्तिदंती कागद, माझीच निवड. मी हात खांद्यापर्यंत पुढं रेटला. तेवढ्यात आतून पाय आले. जोडवी घातलेले, टाचांना भेगा पडलेले. ते कार्डावरून पलीकडे गेले. मी श्वास रोखला. मग दुसरे पाय आले, सावकाश. त्यांच्या बोटांवर जोडव्यांच्या नुसत्या पांढऱ्या खुणा होत्या. एक हात खाली वाकला आणि कार्ड वर गेलं.

घाईनं पट्टी ओढताना ती उंबऱ्यावर कर्रर्र वाजली.

"मांजर हाय वाटतं," आतून आवाज आला आणि दार उघडलं.

नणंदबाई उंच होत्या. खालून तर फारच उंच दिसल्या. मालनआत्या, काकांची धाकटी बहीण. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं.

"काय हरवलं का गं?"

"पट्टी," मी म्हटलं. "पट्टी गेली होती खाली."

"ती तर तुझ्या हातात हाय की."

"हो. सापडली."

"समोरचीच ना तू? लेकीला कांजिण्या झालेली?"

"खपल्या पडल्या आता. डॉक्टर म्हणाले धोका नाही. पण मी येत नाही आत, मी आपली..."

"येऊ द्या तिला, वन्सं," आतून काकूंचा आवाज आला. "मला येऊन गेल्यात कांजिण्या. लहानपणीच."

मी उठले, पोटावरची धूळ झटकली, पट्टी पाठीमागं लपवली आणि आत गेले.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. इतकं मोकळं कपाळ मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. मागं कपाटाचा आरसा लख्ख होता. एकही टिकली नाही, नुसते गोंदाचे गोल गोल ठिपके. टेबलावर काकांचा फोटो, गणवेशातला. ओठ जरासे उघडे, काहीतरी पुकारायच्या बेतात असल्यासारखे. कार्ड काकूंच्या हातात होतं आणि त्यांचा अंगठा बरोबर त्या कोपऱ्यावर होता.

पाहिलं होतं की नव्हतं? मी त्या अंगठ्यावरून नजर हलवली नाही.

"तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे मागची बस रेवानं. बटाट्याची आहे."

त्यांनी अंगठा न हलवता कार्ड उलटं करून बघितलं. "पाटी नाही लावली. कुठली गाडी ते कसं कळणार माणसाला?"

"विचारते तिला."

"विनाथांबा असेल," काकू म्हणाल्या. मग कार्ड उघडून आतली ओळ वाचली. एकदा. पुन्हा एकदा. ओठ हलत होते.

"बघू वहिनी, काय लिवलंय," मालनआत्यांनी हात पुढं केला.

झालं, मी म्हटलं. आता.

काकूंनी कार्ड छातीशी घेतलं. "दाखवते हो. आधी जरा चहा टाकता का? ही पोरगी बघा, कशी पांढरी पडलीय. लादीवर पडून."

आत्या माझ्याकडे एक कटाक्ष टाकून आत गेल्या. लायटरची टकटक ऐकू आली. काकूंनी अंगठा उचलला. कुंकू ओलंच होतं. सगळा अंगठा लाल झाला होता.

"हे कुणी लावलं?"

खोटं बोलायला मला सुचलं नाही. "काकू, चूक झाली," मी म्हटलं. "मुंजीच्या पत्रिका होत्या शेजारी. आई सगळ्यांनाच लावतात, त्यांच्या लक्षात आलं नाही. तुम्हाला वाईट वाटावं असं आमच्या मनातसुद्धा... मी ते परत घ्यायलाच आले होते."

"पट्टी घेऊन?"

"पट्टी घेऊन."

त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत असं वाटून मी पुढं वाकले, तर त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि वन्सं म्हणे मांजर! मी म्हटलं उंदीर असेल. अगं, दार वाजवायचं नाहीस का?"

मलाही हसू आलं, भीतीनं आलेलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, डाव्या हातानं. उजवा अंगठा तसाच उंच धरलेला.

"त्या दिवशी सगळं आवरलं बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "करंडा, टिकल्यांची पाकिटं. आरसा वन्संनी ब्लेडनं खरवडला. रडत रडत खरवडला गं, वाईटपणा नव्हता त्यात. रीत आहे म्हणून. मीही बसून बघितलं. पण संध्याकाळ झाली की ह्यांची हाक येते. टिकली लागली का? रोज. आणि मला काही उत्तर देता येत नाही. तू लिहिलंयस ना, दार उघडून उभे राहतो? मीपण इथं आत उभीच राहते."

काकूंनी अंगठ्याकडे बघितलं. मग तो उचलून कपाळाला टेकवला. आरशाकडे वळल्यासुद्धा नाहीत. रोजचं काम रोजच्या सवयीनं करावं तसं.

"लागलं का गं?" त्यांनी मला विचारलं.

"लागलं," मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, "लागलं, काकू."

कपांचा आवाज दारातच थांबला. मालनआत्या ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"वहिनी."

"हं."

"पुसा ते. उद्या तेरावं. माणसं येणार."

"येऊ देत."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या, वन्सं. तुमचा भाऊ काय म्हणाला असता, ते सांगा."

आत्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, फोटोच्या शेजारी. चहा हिंदकळून बशीत आला. त्या फोटोकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ह्या बोलतील ते मला जन्मभर ऐकू येईल.

"दादानं खाली गाडी लावून ठिवली असती," त्या म्हणाल्या. "आणि वर हाका मारून मारून जीव खाल्ला असता."

त्यांनी नाक ओढलं. मग काकूंसमोर येऊन, हनुवटीला धरून त्यांचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"वाकडं लागलंय," त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं कडेकडेनं पुसून ते गोल करायला लागल्या. "एवढं वय झालं तरी आरशाबिगर लावता येत न्हाई."

मी चहा घेतला. बशीतलासुद्धा. निघताना सवयीनं तोंडातून "येते, काकू" गेलं आणि मी जीभ चावली. दुःखाच्या घरातून निघताना येते म्हणायचं नसतं, एवढं तरी मला ठाऊक होतं.

"ये की," काकू म्हणाल्या. "आणि रेवाला पाठव उद्यापासून दुपारची. आरसा रिकामा झालाय, तिला सांग, आता मोजायला सोपं जाईल."

माझ्या घरात रेवा आजीच्या शेजारी बसून बटाट्याच्या बसनं वर्तमानपत्रावर अख्खं स्टँड उभं करत होती. मी खुर्चीत बसले. पट्टी टेबलावर ठेवायला गेले आणि मुंजीच्या पत्रिकांचा गठ्ठा समोर आला. मी वरची पत्रिका उचलली. मग दुसरी. मग मधली एक काढून बघितली, मग सगळ्यात खालची.

सगळे कोपरे कोरडे होते.

दोन्ही वाट्या जवळजवळ भरलेल्याच होत्या. कुंकवात एका बोटाची खूण, हळदीत एका बोटाची.

"आई, ह्या कोरड्याच आहेत."

"हो. लावायच्यात आता."

"मग मघाशी म्हणालात, लावलं म्हणून?"

"तू त्या कार्डाचं विचारलंस. त्याला लावलं होतं."

त्या चष्म्याची काडी कानामागं नीट करत होत्या.

"मुद्दाम लावलंत?"

"मुंजीची पत्रिका राखाडी असते होय गं? एवढी काही नजर गेली नाही माझी." त्यांनी वाटी जवळ ओढली. "लावून घेतलं का शकुंतलेनं?"

"घेतलं. वाकडं लागलं होतं, ते त्यांच्या वन्संनी गोल करून दिलं."

"वन्संनी?" आईंचा हात थांबला. चेहऱ्यावर सावकाश हसू पसरलं. "हे मात्र मी धरलं नव्हतं."

"आणि काकू रागावल्या असत्या तर?"

"तर म्हातारीची चूक. दिसत नाही, कळत नाही. पत्रिकांच्या ढिगात गेलं असेल. तू जाऊन माफी मागितली असतीस." त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या. "मागितलीस ना?"

"मागितली."

"मग झालं की."

रेवाची बस धप धप करत चालली होती. मी आईंच्या कपाळाकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून ते तसंच मोकळं बघत आले होते, भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोसारखं, घरातलं एक असलेलं काही म्हणून.

"तुम्हाला तेव्हा कुणी..." मी सुरुवात केली.

"माझ्या वेळी कार्डं नव्हती," आई म्हणाल्या. त्यांनी पहिली पत्रिका समोर घेतली. "हे गेले तेव्हा तुझा श्रीरंग दहावीला होता. तेव्हापासून कुठं हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, की माझ्या हातचं कुणी लावून घेतलं नाही. तू हे सुरू केलंस, पहिली पत्रिका इथंच ठेवली होतीस. तू पोरीला झोपवायला गेलीस. मी लावलं." बोट हळदीत बुडालं, मग कुंकवात. "त्या पत्रिकेचं लग्न लागलं. पोरगं झालं त्यांना. बारशाची पत्रिकाही आपल्याकडेच आली करायला."

"तिलाही तुम्हीच..."

"मीच. कुणी लावलं ते काही पत्रिकेवर लिहिलेलं नसतं."

मी बाकीचा गठ्ठा त्यांच्या हाताशी सरकवला. त्यांनी जिभेचं टोक दातात धरलं, कोपऱ्यावर बोट टेकवलं, उचललं. गोल, स्वच्छ. दुसरी पत्रिका घेतली.

"एकेक करून तिकडे पसरून ठेव," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना इस्त्री करायची नाही."